रिकाम्या गाडीचा वैरी

रस्त्यानं रिकामी बैलगाडी चाललेली दिसली की त्याच्या पोटात दुखायचं. हे मी बोलायचं म्हणून बोलत न्हाई. तो खरंच पोटाला हात लावून उभा राहायचा, तोंड वाकडं करायचा आणि मंग गाडीच्या मागं पळत सुटायचा. गावात नव्या आलेल्या माणसाला वाटायचं, ह्याला कळ आली. जुन्याला ठावं असायचं की आता हा गाडीत चढणार आणि चढल्या-चढल्या म्हणणार, "सरका जरा."

तो आमच्या भागाचा गिरदावर होता. आजच्या पोरांना गिरदावर म्हणजे काय ते सांगावं लागतं. पटवाऱ्याच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा, पिकं बघणारा, बांध मोजणारा निजामाच्या राज्यातला कामदार. निजाम गेला, राज्य बदललं, गिरदावर तोच राह्यला. अंगात जुनी शेरवानी, तिची वरची गुंडी तुटलेली, आणि डोक्यावर नवी गांधी टोपी. खालून बघितलं तर जुनं सरकार, वरून बघितलं तर नवं. तोंडावर आम्ही त्याला साहेब म्हणायचो, अहो-जाहो करायचो. माघारी अरे-तुरे. आता माघारीच लिहून राह्यलो, तर तसंच लिहितो. नाव लिहीत न्हाई. त्याचं कुणी असंल-नसंल, उगं कशाला.

मी शाळेत फार गेलो न्हाई. अक्षर ओळखतो, जुळवून लिहितो. दुसऱ्याला "एवढं लिहून दे" म्हणायची मला सवय न्हाई, म्हणून हे माझ्याच हातानं. वाकडं वाटलं तर वाकडं वाचा.

आता चालवत न्हाई. ओट्यावर बसतो आणि रस्ता बघतो. सकाळी पोरं जालन्याच्या एमआयडीसीकडं जातात, एकेका फटफटीवर एकेकटा. आळी एक, कारखाना एक, पाळीची वेळ एक, आणि फटफट्या चार. पुढं चौकात सगळे अडकले की एकमेकांचे आईबाप काढतात. परवा नातू सांगत होता, सरकार आता म्हणून राह्यलं की मिळून जा, एका गाडीत चौघं बसा, आम्ही मदत करू. मी म्हटलं, हे मी बघितलंय. तो हसला. मला हसू आलं न्हाई. एकदा बघितलेलं परत बघायचं म्हणजे जीव शिणतो.

तर तो गिरदावर.

त्याच्याकडं एक काळी छत्री होती. उन्हातान्हात काखेत असायची, पण एकट्यासाठी तो ती उघडायचा न्हाई. वाटेत कुणी भेटलं, त्याच्या डोक्यावर धरायला माणूस मिळाला, की मंग उघडायची. न्हाई मिळाला तर हा उन्हात तळत चाललाय आणि छत्री काखेत. एकदा मी म्हटलं, "साहेब, देवानं छत्री दिली, उघडा की." तर म्हणाला, "अर्धी वाया जाते, मालक." आम्हाला सगळ्यांना तो मालक म्हणायचा. ज्याच्याजवळ खंडीभर जमीन त्यालाही मालक, आणि ज्याच्याजवळ नेसूचं धोतर त्यालाही मालक.

चावडीच्या बाजूच्या खोलीत राहायचा. बाज होती, तर भिंतीकडं चिकटून झोपायचा, निम्मी बाज मोकळी. कुणी वाटसरू आला तर? येत कुणी नव्हतं. बायको हैदराबादेला भावाकडं. "तिला इकडं का आणत न्हाई?" असं बायांनी विचारलं तर म्हणायचा, "तिथं घर भरलेलं हाय. बरं वाटतं तिला." हे बोलताना हसायचा, पण बायांना काही हसू यायचं न्हाई.

ही खोड त्याला कुठून लागली ते त्यानं एकदाच सांगितलं. तरणा असताना तो शहागडला नोकरीला होता. गोदावरीला पाणी चढत होतं. नावेत त्याचा साहेब आणि हा, दोघंच. काठावर एक बाई कडेवर लेकरू घेऊन ओरडत होती, मला घ्या, मला घ्या. साहेबानं नावाड्याला म्हटलं, सोड. नाव रिकामी गेली. 

मी विचारलं, "मंग त्या बाईचं काय झालं?"

"ते मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "ठावं असतं तर झोप लागली असती."

पण म्हणून तो साधुसंत होता असं मी लिहिणार न्हाई. बाजारच्या दिवशी पाटील एकटा गाडीतून घरी येत होता. ह्यानं गाडी धरली, चढला, सरका जरा म्हणाला. पुढं गावकुसाबाहेरचा एक म्हातारा पायी चालला होता. ह्यानं हात धरून त्यालाही वर ओढला. पाटलाचं तोंड काळं-निळं.

"साहेब, कोण हाय ते तरी बघितलं का?"

"पायी चालून राह्यले होते, एवढं बघितलं."

पाटलानं खाली उडी मारली आणि स्वतःच्याच गाडीच्या बाजूनं चालायला लागला. गिरदावर म्हणाला, "पाटील, तुमची जागा मोकळी झाली," आणि मागून येणाऱ्या एकाला हाका मारायला लागला. गावात हे सांगून सांगून लोक हसले. पण म्हातारा गाडीत रडकुंडीला आला होता. "मला उतरू द्या साहेब, मला ह्याच गावात राहायचंय," म्हणत होता. पुढं चार दिवस त्याला पाणी भरू दिलं न्हाई कुणी. गिरदावराचं असं होतं. त्याला जागा आधी दिसायची, माणूस मागाहून. कळल्यावर तो म्हाताऱ्याच्या खोपटापाशी गेला, बराच वेळ बाहेर बसला. पुढच्या बाजाराला त्याच्या संगती पायी गेला, पायी आला. रिकाम्या गाड्या बाजूनं जात होत्या. एकालाही हात केला न्हाई. त्या दिवशी त्याचं पोट किती दुखलं असंल ते त्यालाच ठावं.

आता फरशीचं सांगतो, कारण सगळं तिथंच झालं.

आमचं गाव हसनाबादच्या वाटेवर, जालन्याच्या अलीकडं तीन कोस. मधी एक नाला. नाल्यावर दगडी फरशी, एका टायमाला एकच गाडी जाईल एवढी, दोन्ही बाजूला काळ्या मातीचा गाळ. कापूस फुटला की वरच्या गावांच्या गाड्या आणि आमच्या गाड्या सगळ्या मोंढ्याकडं, म्हणजे जालन्याच्या कापूस-बाजाराकडं, निघायच्या आणि फरशीवर तुंबायच्या. पलीकडून येणारा म्हणायचा मी आधी, अलीकडचा म्हणायचा मी. बैल जागेवर रवंथ करायचे आणि माणसं गळ्याला लागायची. गाड्या भरलेल्या असत्या तर गोष्ट वेगळी. पहिल्या वेचणीचा कापूस तो किती? दोन-तीन गाठोडी. पण ज्याची गाडी मोंढ्यात दिसली न्हाई त्याचं पीक गेलं, असं लोक धरायचे. म्हणून दोन गाठोड्यांसाठी घरटी एक गाडी.

गिरदावर त्या तुंबलेल्या गाड्यांच्या बाजूनं फिरायचा आणि प्रत्येकीत डोकावायचा. "अर्धी रिकामी. ही पण अर्धी रिकामी." डोळे भरून यायचे त्याचे. मंग तो तहसीलचे खेटे घालायला लागला. उर्दूत लिहायची सवय गेलेली न्हाई आणि मराठीत हात बसलेला न्हाई, तरी काय-काय लिहून नेलं आणि सरकारचा हुकूम घेऊन आला. दोन घरांनी मिळून एक गाडी काढायची. नाव ठेवलं जोडगाडी. जोडगाडीला सरकारकडून पांढरी पाटी. पाटीची गाडी फरशीवरून आधी सोडायची, मोंढ्यात तिचा कापूस आधी मोजायचा. आणि वर, आखाला लावायला वंगणाचा एक डबा फुकट.

आधी सोडण्याचं कुणाला काही वाटलं न्हाई. वंगणाचा डबा बघून गाव हललं.

पण जोड्या लावायचं काम त्यानं कुणाला विचारून केलं न्हाई. गावाचा नकाशा आणला, चावडीत अंथरला, आणि ज्यांची शेतं एकमेकाला लागून त्यांची जोडी लावली. एका जागी गाडी उभी केली की दोन्ही शेतांतला कापूस भरून होतो, असा त्याचा हिशोब. हिशोब बराबर होता. पण ज्याचं शेत ज्याच्या शेताला लागून, त्याचं त्याच्याशी वाकडं, हे आमच्याकडं लहान लेकराला पण कळतं. बांध कोरला, झाड तोडलं, पाणी सोडलं, ढोर घातलं. लांबच्या माणसाशी भांडायला कारण तरी कुठून आणायचं? आणि हे सगळे बांध त्यानंच साखळी टाकून मोजलेले! त्यानं जोड्या वाचल्या तेव्हा चावडीत कुणी खोकलं पण न्हाई. गावातली एकूण एक भांडणं त्यानं जोडी-जोडीनं गाडीत बसवली होती.

माझी जोडी माझ्या चुलत भावाबरोबर लागली.

"साहेब," मी म्हटलं, "बांधावरच्या बाभळीवरून ह्याचं-माझं बोलणं बंद हाय. बाभूळ कुणाची ते बघायला तुम्हीच आल्ता."

"आल्तो," तो म्हणाला. "बिलकुल मधोमध हाय."

"मंग ठावं असून जोडी कशी लावली?"

त्यानं नकाशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. खरंच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "नकाशात भांडण दाखवत न्हाईत, मालक," म्हणाला.

चुलत भाऊ पाटलाकडं तोंड करून बोलला, "पाटील, त्याला सांगा, त्याच्या गाडीत बसण्यापेक्षा मी कापूस डोक्यावर नेईन."

मी म्हटलं, "पाटील, त्याला सांगा, डोकं असतं तर मागंच नेला असता."

चावडी हसली. चुलत भाऊ उठून जायला लागला. तो बसणार न्हाई म्हणाला, तर मंग त्याला बसवायचाच, असं माझ्या मनानं घेतलं. मी सगळ्यांच्या देखत पुढं झालो आणि वंगणाचा डबा उचलला. गाडी माझी, बैल माझे. आता त्याला यावंच लागणार होतं, कारण डब्यातलं अर्धं वंगण त्याचं होतं. आला. वंगण सोडायच्या जातीचा न्हाई तो.

तर त्या साली आमच्या गावच्या गाड्या अशा चालल्या की बघणाऱ्यानं बघत राहावं. प्रत्येक गाडीत दोन माणसं आणि दोघांची तोंडं दोन दिशेला. आम्ही दोघं बैलांमार्फत बोलायचो. मी म्हणायचो, "लाख्या, ज्यानं गाठोडं ढिलं बांधलं त्यानं जरा मागं बघावं." तो म्हणायचा, "हौशा, ज्याला खड्डे चुकवता येत न्हाईत त्यानं गाठोड्याचं नाव घेऊ नये." बैलांना काय, ते चालायचे. एकदा मोंढ्यातून येताना त्यानं भजी घेतली, आणि पुडा आमच्या दोघांच्या मधी ठेवला. मला दिला न्हाई, ठेवला. मी पण घेतली न्हाई, पुडा माझ्याकडं कलंडला तेव्हा उचलली.

आणि काम झालं होतं. मानावं लागतं. फरशीवरची गर्दी ओसरली. सकाळी निघालेला माणूस उन्हं कलायच्या आत घरी यायला लागला. गिरदावर फरशीच्या तोंडाशी उभा राहायचा, पाटीच्या गाड्या पुढं काढायचा, आणि त्याच्या तोंडावर असं काही असायचं की जसं त्याच्याच घरचं लग्न हाय. प्रत्येक भरल्या गाडीला सलाम करायचा. वर कळवायचा, सगळं बराबर चाललंय. म्हणायचा, हा एक हंगाम नीट गेला की जिल्ह्याचे मोठे साहेब हुकूम कायमचा करतील. सगळ्या तालुक्यात लावतील. एवढंच त्याला पायजे होतं. दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितल्याचं मी ऐकलं न्हाई.

संक्रांतीच्या आधी कळलं की मोठे साहेब स्वतः येऊन राह्यले. जोडगाडीही बघणार, आणि नाल्यावर पूल द्यायचा का न्हाई तेही बघणार.

पाटलानं लिंबाच्या पारावर माणसं जमवली. गिरदावराला सांगितलं न्हाई. पाटील वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगतो. मागच्या पावसाळ्यात त्याची भावजय बाळंतपणात अडली. जालन्याला न्यायला काढली तर फरशीवर पाणी. पाणी उतरायची वाट बघत ती नाल्याच्या अलीकडंच गेली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पूल होता.

"गर्दी ओसरली ते बरं झालं," पाटील म्हणाला. "पर कापूस संपतो आणि पाऊस येतो. मोठ्या साहेबाला रस्ता मोकळा दिसला तर ते म्हणतील, पूल कशाला, फरशी पुरते की. त्या दिवशी ज्यानं-त्यानं आपापली गाडी काढायची. पाटी घरी ठेवायची. तुंबू द्या कसं तुंबायचं ते."

कुणी न्हाई म्हटलं न्हाई. न्हाई म्हणण्यासारखं त्यात नव्हतंच. पाटलानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "मला सांगू नका. मी माझी गाडी मला पायजे तशी काढीन."

"तुला पूल नको?"

"पूल पायजे. पर मी गाडीला पाटी लावली ती कुणाच्या सांगण्यावरून लावली न्हाई आणि काढणार पण न्हाई."

"अरे, गावाचं काम हाय!"

"गाडी माझी हाय."

चुलत भाऊ पाराच्या त्या टोकाला बसला होता. मला वाटलं, उद्या हा पाटलाच्या बाजूनं जाणार, आणि मला गावात एकटा पाडणार. सकाळी उठून गाडीकडं गेलो तर त्याची गाठोडी माझ्या गाडीत आधीच बांधून ठेवलेली. ह्या खेपेला घट्ट.

फरशीजवळ गेलो तर मी असली गर्दी जन्मात बघितली नव्हती. घरटी एक गाडी. एकात एक गाठोडं. एकात नुसता कडबा. एकानं तर काहीच न्हाई म्हणून सासूला बसवून आणलं होतं आणि ती बिचारी सगळ्यांना विचारत होती की मला कुठं नेऊन राह्यले. वरच्या गावाच्या गाड्या मागून आल्या, पलीकडून रिकाम्या आल्या, फरशीवर दोन गाड्यांच्या आखात आख अडकले. पाटीची गाडी एकच, आमची. पाटी बघून लोकांनी सवयीनं वाट दिली म्हणून आम्ही थेट तोंडाशी पोचलो.

गिरदावर तिथं उभा होता. शेरवानी धुतलेली, तुटलेल्या गुंडीच्या जागी नवी गुंडी लावलेली. तो गाड्यांकडं बघत होता. एकीकडून दुसरीकडं, परत दुसरीकडून एकीकडं. हात पोटावर.

मोठ्या साहेबाची जीप पलीकडंच अडकली. ते फरशीवरून पायी आले, बुटाला गाळ लागलेला.

"गिरदावर, हीच का तुमची जोडगाडी?"

गिरदावरानं मान वळवली. त्याची नजर पाटलावर गेली. पाटील थोडा लांब उभा होता. त्यानं हात जोडले. मोठे साहेब समोर असताना त्यांना न्हाई, गिरदावराला जोडले.

"साहेब," गिरदावर म्हणाला, "जोडगाडी फसली. लोक ऐकत न्हाईत. इथं पूल झाल्याबिगर इलाज न्हाई."

"मग इतके दिवस तुम्ही सगळं ठीक आहे म्हणून कळवत होतात ते काय होतं?"

"ते माझं चुकलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. फसली? मी हंगामभर वैऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलो, आणि फसली? मी गाडीवरून ओरडलो, "फसली कशी? आमची गाडी बराबर..."

माझ्या दंडाला कुणीतरी असा हिसका दिला की मी मागं बसलो. चुलत भाऊ. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, "गप बस."

मधे बैल न्हाई, पाटील न्हाई. सरळ मला. इतक्या वर्षांनी तो मला पहिलं बोलला ते हे, गप बस. आणि मी गप बसलो. का बसलो ते मला आजही नीट सांगता येत न्हाई. मोठ्या साहेबानं आमच्याकडं बघितलं पण न्हाई. ते नाल्याची रुंदी बघत होते.

पूल मंजूर झाला. उन्हाळ्यात चुन्याच्या रेघा मारल्या, दगड येऊन पडले. जोडगाडी बंद झाली, पाट्या परत नेल्या. वंगण कुणी परत दिलं न्हाई. गिरदावरावर खोटं कळवल्याचा ठपका आला आणि बदली झाली, नांदेडच्या बाजूला, लांब.

मी एकदा त्याला खोलीवर जाऊन विचारलं, "साहेब, गावानं मुद्दाम केलं ते तुमच्या ध्यानात आलं न्हाई का?"

"मालक, तुमच्या गावानं सासूला कापूस म्हणून मोंढ्यात काढलं. मी काय आंधळा हाय?"

"मंग बोलला का न्हाई?"

तो बाजेच्या कडेला बसला होता. त्यानं मोकळ्या बाजूवर हात फिरवला. मंग म्हणाला, "पाटलाची भावजय नेत होते त्या गाडीत मी होतो. गाडीत जागा होती. सगळ्यांनी जागा केली. आणि समोर पाणी. तिथं सरका कुणाला म्हणणार?"

मी उठून आलो.

तो जायचा दिवस ठरला तेव्हा गावाला लाज वाटली का काय झालं कोण जाणे, प्रत्येक घरानं ठरवलं की साहेबाला जालन्याच्या स्टेशनावर आपणच सोडायचं. चावडीपुढं गाड्यांची रांग लागली. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, गाडीत गोधड्या अंथरलेल्या, आणि सगळ्या रिकाम्या. ह्याचं सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. तो चावडीतून बाहेर आला आणि ती रांग बघून उंबऱ्यातच टेकला.

"माणूस एक," तो म्हणाला, "आणि हे काय हाय?"

"मान हाय साहेब," पाटील म्हणाला. "माझ्या गाडीत बसा."

"तुझ्याच का? माझी आधी आली," दुसरा म्हणाला.

"माझ्या गाडीला कमान हाय, ऊन लागायचं न्हाई."

"अरे, मंग सगळे मिळून दोन गाड्यांत या की!" गिरदावर म्हणाला.

कुणी हललं न्हाई. ज्यानं-त्यानं आपल्या बैलाचा कासरा घट्ट धरला. शेवटी त्यानं कुणाचंच मन मोडायचं न्हाई म्हणून ट्रंक पाटलाच्या गाडीत ठेवली, वळकटी दुसऱ्याच्या, आणि स्वतः पायी निघाला. पुढं हा, मागं सगळ्या गावाच्या रिकाम्या गाड्या. माझी गाडी पण होती. चुलत भाऊ आपणहून येऊन बसला होता. बोलला काही न्हाई, मीही बोललो न्हाई. बोलायचं सुरू झालं म्हणून लगेच बोलत सुटावं असं थोडंच हाय.

आणि फरशीवर सगळं तुंबलं. पुलाचे दगड वाटेत पडलेले, समोरून मोंढ्यातून परतणाऱ्या गाड्या. गिरदावर तोवर पायीच पलीकडं पोचलेला. तसाच चालत गेला असता तर आरामात स्टेशन गाठलं असतं, ट्रंक मागाहून कुणी आणून दिली असती. तो थांबला. मागं वळून बघितलं. मंग टोपी काढून शेरवानीच्या खिशात घातली आणि परत आला. गाळात उतरला. एकाला मागं घ्यायला लावलं, दुसऱ्याच्या चाकाला खांदा दिला, पाटलाला शिव्या दिल्या, त्या पण उर्दूत, त्यामुळं पाटलाला मान दिल्यासारखंच वाटलं. सूर्य खाली गेला तरी तो ओरडतच होता.

वाट मोकळी झाली तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत गाळ. पाटील हाका मारत होता, दुसरे हाका मारत होते. तो जवळ जी गाडी होती तिच्या चाकावर पाय देऊन चढला. ती आमची निघाली. आम्ही दोघं आपणच सरकलो. तो मधी बसला, आणि थोड्या वेळानं त्याचं डोकं माझ्या चुलत भावाच्या खांद्यावर गेलं. चुलत भावानं खांदा हलवला न्हाई.

जालन्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा आगगाडीची शिट्टी झाली. सुटल्याची. पहिली लांब, मंग दोन छोट्या. चुलत भावानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. दुसरी गाडी उद्या होती.

"उठवू नको," तो म्हणाला.

मी कासरा ढिला सोडला.